घंटेवर १७२१, देऊळ १७४७ चे! वसईच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत कशा आल्या आणि त्यांचा आवाज टिकवायचा कसा?

येवल्याकडच्या माणसाचे नाशिकला जाणे बहुतेक वेळा कामासाठीच होते. दवाखाना, कोर्ट, कॉलेजचा प्रवेश, नाहीतर रामकुंडावर अस्थी विसर्जन. रामकुंडाकडे जाताना नारोशंकराचे देऊळ लागते आणि नदीकडच्या तटावर टांगलेल्या त्या मोठ्या घंटेकडे मान आपोआप वर जाते. आमच्या घरात कुणी चढ्या आवाजात बोलू लागले, की 'झाली सुरू नारोशंकराची घंटा' असे आजी म्हणायची. ती घंटा वाजताना आमच्यापैकी कुणी ऐकलेली नव्हती. मोठी आहे, एवढेच ठाऊक होते.

त्या घंटेवर १७२१ हे साल आहे. देऊळ मात्र १७४७ चे. म्हणजे घंटा देवळापेक्षा २६ वर्षांनी मोठी. देवळाच्या आधी देवळाची घंटा कशी तयार झाली? कारण ती देवळासाठी ओतलेलीच नव्हती. ती चर्चची घंटा आहे. महाराष्ट्रात अशी ही एकटीच नाही. भीमाशंकर, मेणवली, पुणे, अष्टविनायकांची काही देवळे अशा अनेक ठिकाणी वसईच्या मोहिमेतल्या घंटा आजही टांगलेल्या दिसतात. या घंटा आल्या कशा, त्यांचा धातू कोणता, त्या बिघडतात कशा आणि बिघडल्यावर त्यांना हात कसा लावायचा, हे समजून घेऊ.

नारोशंकर कोण आणि देऊळ कोणाचे?

देवळाचे खरे नाव रामेश्वर. सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी ते पंचवटीत गोदाकाठी बांधले, म्हणून लोकांच्या तोंडी 'नारोशंकराचे देऊळ' झाले. हे नारो शंकर १७४२ पासून १७५७ पर्यंत झाशीचे सुभेदार होते. आज जे झाशी शहर आपण लक्ष्मीबाईंच्या नावाने ओळखतो, त्याची वाढ त्यांच्या काळात झाली. आपल्या भागाशी त्यांचे नाते याहून जवळचे आहे. मनमाडवरून पुढे मालेगावात गेलात तर मोसम नदीकाठचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. त्याचे काम १७४० च्या सुमारास सुरू झाले.

देवळाभोवती तट आहे आणि नदीच्या बाजूच्या तटाच्या मधोमध घंटेसाठी खास जागा केलेली आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून ही घंटा इथे लावली, अशीच तिची ओळख सांगितली जाते. गोदावरीला पूर आला की नाशिककर दोन खुणा बघतात. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचले का. १९६९ चा महापूर जुनी माणसे याच खुणांनी सांगतात. चर्चमध्येही घंटा प्रार्थनेला बोलावते तशी आग, पूर, हल्ला अशा संकटाची वर्दी देते. घंटेचे गाव बदलले, देव बदलला, पण हे एक काम तिने इथे आल्यावरही सोडले नाही.

वसईत असे काय घडले होते?

वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने. पुढची २०५ वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी राहिली. किल्ल्याच्या तटाच्या आत एक आख्खे शहर होते. सेंट जोसेफचे मुख्य चर्च, जेझुइटांचे चर्च, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन पंथांची आपापली चर्च आणि मठ. आज वसई किल्ल्यात फिरताना ज्या उंच, छप्पर नसलेल्या भिंती दिसतात त्या यांच्याच. बाहेरच्या गावांमधली चर्च वेगळीच.

एवढी चर्च म्हणजे तेवढ्या घंटा, किंबहुना जास्तच. एका मनोऱ्यात एकाहून अधिक घंटा असत. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, प्रार्थनेची घंटा. लग्नाची वेगळी, मयताची वेगळी. मनगटावर घड्याळ नसलेल्या काळात शेतातल्या माणसाचा दिवस त्या आवाजाने चाले. कॅथलिक रिवाजात नव्या घंटेला बिशपकडून आशीर्वाद मिळतो आणि तिला एखाद्या संताचे नाव दिले जाते. म्हणून अशा घंटांवर क्रूस, संताचे किंवा मेरीचे चित्र, एखादी लॅटिन ओळ आणि ओतल्याचे साल आढळते. थोडक्यात, घंटा आपला जन्मदाखला अंगावर घेऊन फिरते.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले आणि साष्टी बेटातून पोर्तुगीजांची सत्ता हलली. वसईचा किल्ला मात्र सहजी पडणारा नव्हता. दोन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीच्या बाजूला भक्कम बुरूज. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत वेढा चालला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरून तो उडवला, खिंडार पडले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. दोन्हीकडची माणसे हजारोंनी कामी आली. पेशवाईतल्या सगळ्यात महागड्या विजयांपैकी हा एक. चिमाजी अप्पा त्यानंतर फार जगले नाहीत. १७४० च्या डिसेंबरात ते गेले. मोहिमेतला नवस फेडण्यासाठी बांधलेले वज्रेश्वरीचे देऊळ आजही आहे. आणि आहेत त्या घंटा.

नाशिकखेरीज आणखी कुठे बघायला मिळतात?

भीमाशंकरला ज्योतिर्लिंगाच्या आवारात शनीच्या देवळासमोर मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एका छोट्या दगडी घंटाघरात एक आहे. तिच्यावर साल १७०७ आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी. 'स्वदेस' सिनेमाचे चित्रीकरण झालेला हाच घाट, त्यामुळे लोक तिथे फोटो भरपूर काढतात, पण घंटेजवळ जाऊन मेरी बघणारे थोडे. पुण्यात ओंकारेश्वरच्या घंटेचेही नाव याच मालिकेत घेतले जाते आणि चिमाजी अप्पांची समाधी त्या देवळाजवळच आहे. पाली, थेऊर, सिद्धटेक इथेही चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली म्हणून घंटा दाखवली जाते.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मेणवलीची गोष्ट. घंटा पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या घाटावर, शेजारी मेणेश्वराचे देऊळ, आणि घंटेवर मेरी. तिचे चित्र कुणी छिन्नीने घासून काढले नाही. क्रूस पुसला नाही. ही सहिष्णुता होती, की विजयाची खूण मुद्दाम ओळखू येईल अशी ठेवायची होती? दोन्ही असू शकते. चिन्ह खोडले तर ती नुसती घंटा उरते. चिन्ह ठेवले तर ती 'वसईची घंटा' राहते.

१७०७, १७२१, १७२९. ही तीन साले एकत्र ठेवून पाहा. पोर्तुगीज वसईत दोन शतके होते, तरी या घंटा शेवटच्या ३२ वर्षांतल्या. त्याआधी घंटा नव्हत्या असे नाही. घंटा हे वापराचे यंत्र आहे. ती तडकते, मग वितळवून त्याच धातूची नवी ओततात आणि नव्या घंटेवर नवे साल पडते. म्हणजे १७२१ च्या घंटेत त्याहून कितीतरी जुन्या घंटेचा धातू असण्याची शक्यता आहेच.

युद्धात मिळालेला धातू वितळवून तोफा का नाही केल्या?

युरोपात हे सर्रास चाले. दोन्ही महायुद्धांत जर्मनीने स्वतःच्या आणि जिंकलेल्या देशांच्या चर्चमधल्या घंटा हजारोंनी काढून भट्टीत घातल्या. पण तोफेचा आणि घंटेचा धातू एक नसतो. दोन्ही कांस्यच, म्हणजे तांबे आणि कथील. तोफेत कथील दहा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ती चिवट राहते, स्फोटाचा धक्का सोसते. घंटेत कथील २० ते २२ टक्के. ती कडक होते, छान वाजते, पण ठिसूळ. घंटेची तोफ करायची तर वरून तांबे घालावे लागते.

हे प्रमाण वाचताना मला हॉस्टेलच्या मेटलर्जीच्या पुस्तकाआधी घरातली काशाची वाटी आठवली. तळव्यांना तूप लावून घासायची ती. तांब्याचा तांब्या हातातून पडला तर चेपतो. काशाची वाटी पडली तर फुटते. टाळ, झांज, काशाचे ताट यांचा धातू साधारण याच प्रमाणाचा, अठ्ठ्याहत्तर-बावीसच्या जवळपासचा. म्हणजे लिस्बनच्या ओतकाराला आणि आपल्याकडच्या कासाराला एकच गोष्ट स्वतंत्रपणे कळलेली होती. आवाज हवा असेल तर कथील वाढवा आणि ठिसूळपणा पत्करा. माहितीफलकांवर या घंटांना 'पंचधातूची' म्हणतात. तो आपला आदराचा शब्द आहे. मुळात ते कांसे.

देवळाला घंटा लागतेच, आणि एवढी मोठी घंटा ओतण्याचे काम सोपे नाही. आयती, उत्तम, दूरवर ऐकू जाणारी वस्तू देवाला वाहणे हे वितळवण्यापेक्षा शहाणपणाचे होते. त्या निर्णयामुळेच ती साले आज वाचता येतात.

चर्चची घंटा वेगळी का वाजते?

आकारामुळे. चर्चच्या घंटेची कड बाहेर फाकलेली असते आणि लोलक जिथे आदळतो तिथे धातू सगळ्यात जाड असतो. वर भिंत पातळ होत जाते. या आकारामुळे एका ठोक्यात निदान पाच ठळक सूर निघतात. मूळ सूर 'सा' धरला तर खाली खर्जाचा सा, वर कोमल गंधार, पंचम आणि तार सा. त्यातला कोमल गंधार फार स्पष्ट ऐकू येतो. चर्चच्या घंटेत जी एक उदास छटा वाटते ती त्या गंधाराची. खर्जाचा सूर सगळ्यात उशिरापर्यंत रेंगाळतो. दूरवर ऐकू येणारी ती घूं तीच.

हे सूर अचूक जुळवण्याची कला सतराव्या शतकात हॉलंडमधल्या हेमोनी बंधूंनी साधली होती, पण ती सगळीकडे पसरली नाही. अठराव्या शतकातल्या बहुतेक घंटांचे पाच सूर थोडे इकडेतिकडे असतात. तो दोष नव्हे. तो त्या घंटेचा स्वतःचा गळा आहे. दुरुस्तीच्या नावाखाली आतून धातू तासून तो 'सुधारायला' जाणे म्हणजे जुन्या गवयाच्या ध्वनिमुद्रिकेवर ऑटोट्यून लावणे.

वाजवण्याची रीतही वेगळी. युरोपात अनेक ठिकाणी चाकाला दोर बांधून घंटाच झुलवतात. आपल्याकडे घंटा स्थिर, भाविक लोलक हलवतो. घंटा स्थिर राहिली की लोलक वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आदळतो. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

'सहा फूट व्यास' म्हणजे किती वजन?

नारोशंकराच्या घंटेविषयी इंटरनेटवर एक आकडा सगळीकडे फिरतो, सहा फूट व्यास. इंजिनीअरिंगची सवय म्हणून गणित करून पाहिले. युरोपीय पद्धतीच्या घंटेचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब असा, की तोंडाचा व्यास एक मीटर असेल तर वजन साधारण ६०० किलो. मेणवलीच्या घंटेचे वजन ६५० किलो सांगतात, म्हणजे तिचा व्यास एक मीटरच्या किंचित वर यायला हवा. ठीक वाटते.

आता सहा फूट, म्हणजे १.८३ मीटर. घन केला की सहापट. वजन साडेतीन टनांच्या पुढे जाते! पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची घंटा गोव्यातल्या सर्वांत मोठ्या घंटांपैकी एक मानतात, तिचे वजन २,२५० किलो. मग नाशिकची घंटा तिच्या दीडपट का? सहा फूट हा व्यास नसून परीघ असेल तर व्यास ५८ सेंटिमीटर होतो आणि वजन सव्वाशे किलोच्या खाली. एका शब्दाच्या फरकाने साडेतीन टन की सव्वाशे किलो! वाद घालण्यापेक्षा शिंप्याची टेप लावली तर दोन मिनिटांत निकाल लागतो. घंटांची नोंद का करायची, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

घंटा बिघडते कशी?

माठ घेताना आपण टिचकी मारतो. चांगला माठ खणखणतो, तडा गेलेला भद्द वाजतो. घंटेचे तेच. आवाज लवकर विझू लागला, खरखर आली, की समजावे कुठेतरी तडा आहे.

पहिले कारण लोलक. तो घंटेच्या धातूपेक्षा मऊ हवा. म्हणून जुने लोलक घडीव लोखंडाचे असत. जुना लोलक झिजला किंवा हरवला की वर्कशॉपमधून कडक पोलादाचा गोळा लावला जातो. तो स्वतः झिजत नाही, घंटा झिजवतो. शिवाय वजन जास्त झाले तर आणखी धोका. लंडनच्या बिग बेनचे हेच झाले. १८५९ मध्ये ती वाजू लागली आणि दोन महिन्यांत तडकली, कारण हातोडा ठरवलेल्या वजनाच्या दुपटीहून जड होता. चार वर्षे ती गप्प होती. मग उपाय काय केला? घंटा किंचित फिरवली, म्हणजे हातोडा नव्या जागी आदळेल. हातोडा हलका बसवला. तडा पुढे सरकू नये म्हणून तिथे छोटा चौकोनी काप घेतला. १३.७ टनांची ती घंटा आजही त्याच तड्यासह वाजते.

दुसरे कारण गंज. जुन्या घंटांमध्ये लोलक अडकवायची लोखंडी कडी ओतकामाच्या वेळीच घंटेच्या माथ्यात पुरलेली असते. लोखंड गंजले की फुगते. स्लॅबमधली सळई गंजली की खालचे प्लॅस्टर फुगून पडते ना, तेच. फरक इतकाच, की कांसे फुगत नाही, तडकते. आणि हा तडा माथ्यातून सुरू होतो, खालून दिसत नाही. गोदाकाठासारख्या जागी, जिथे दर पावसाळ्यात दमट हवा आणि कधी पुराचे पाणी, तिथे माथ्यातली कडी आधी तपासायला हवी.

तिसरे कारण आपला उत्साह. तैलरंग. उत्सवाआधी रंगारी येतो, कठड्याला उरलेला रंग घंटेला लावतो. रंगाच्या थरांनी आवाज दबतो आणि अक्षरे बुजतात. रंग नको म्हणून कुणी सँडपेपर किंवा ग्राइंडर चालवला तर त्याहून वाईट. कांस्यावरचा हिरवट-काळा थर हा मळ नाही. तो धातूचे रक्षण करणारे कवच आहे. घासून 'सोन्यासारखी' केलेली घंटा दोन पावसाळ्यांत पुन्हा काळी पडते. गेलेले अक्षर मात्र परत येत नाही.

मग दुरुस्ती कशी करतात?

आधी काही करायचे नाही, नोंद करायची. चारही बाजूंनी फोटो, बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून, कारण समोरच्या उजेडात उठावाची अक्षरे सपाट दिसतात. माप. एकच हलका ठोका मारून मोबाइलवर ध्वनिमुद्रण. कंपनांचा आलेख दाखवणारी ॲप फुकट मिळतात. त्यातून पाच सुरांची नोंद होते आणि दहा वर्षांनी पुन्हा मोजले तर बिघाड कानाआधी आकड्यात दिसतो.

तड्याचा संशय असेल तर कारखान्यातली नेहमीची चाचणी चालते. लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. तड्यात शिरलेला लाल रंग बाहेर येऊन रेघ उमटते. डिप्लोमाच्या मुलांना ही चाचणी प्रयोगशाळेत शिकवतात, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ती रोज होते. खर्चाची नव्हे, आठवणीची गोष्ट आहे.

तडा नसेल तर काम तसे साधे. गंजकी कडी काळजीपूर्वक काढून नवी, घंटेच्या धातूत न पुरता बोल्टने धरलेली. लोलक योग्य वजनाचा, मऊ लोखंडाचा. आणि घंटेला पाव वळण. झिजलेल्या दोन जागा बाजूला जातात, लोलकाखाली न झिजलेला धातू येतो आणि घंटेला पुढची शे-दोनशे वर्षे मिळतात. इतक्या कमी श्रमात इतका फायदा देणारी दुरुस्ती यंत्रशास्त्रात फार नाही.

तडा असेल तर मात्र गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला बोलावू नये. त्याच्या कौशल्याचा प्रश्न नाही. आर्क वेल्डिंगने एकाच जागी प्रचंड उष्णता जाते, बाकी घंटा थंड असते, आणि ठिसूळ कांसे त्या ताणाने शेजारी नव्याने फुटते. योग्य रीत अशी, की आख्खी घंटा भट्टीत सावकाश काही शे अंशांपर्यंत तापवायची, त्याच प्रमाणाच्या कांस्याच्या कांडीने तडा भरायचा आणि तितक्याच सावकाश थंड करायची. जर्मनीतल्या नोर्डलिंगेन गावात हेच काम करणारा कारखाना आहे. पुन्हा ओतणे हा शेवटचा मार्ग. त्यात धातू तोच राहतो, पण साल, अक्षरे आणि गळा तिन्ही जातात.

चुकीची दुरुस्ती किती महाग पडते? अमेरिकेची लिबर्टी बेल. तडा रुंद करून कडांची खरखर थांबवायचा प्रयत्न झाला, १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवली आणि तडा थेट वर चढला. त्यानंतर ती तशी वाजलीच नाही. चांगले उदाहरण अलीकडचे. पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ मध्ये आग लागली. उत्तरेकडच्या मनोऱ्यातल्या आठ घंटा २०२३ मध्ये उतरवून नॉर्मंडीतल्या ओतशाळेत नेल्या, साफ केल्या, २०२४ च्या सप्टेंबरात परत आणल्या आणि ८ नोव्हेंबरला त्या पुन्हा वाजल्या.

घंटा परत करायच्या का?

हा प्रश्न वाचकांच्या मनात येणार. जगात दोन्ही प्रकार घडले आहेत. अल मन्सूरने ९९७ मध्ये स्पेनमधल्या सांतियागोच्या चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या, तिथल्या मशिदीत त्यांचे दिवे केले, आणि १२३६ मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर तिसऱ्या फर्डिनंडने त्या परत पाठवल्या, असा इतिहास सांगतात. फिलिपिन्समधल्या बालांगिगा गावच्या तीन घंटा अमेरिकी सैन्याने १९०१ मध्ये नेल्या. गाव शंभरहून अधिक वर्षे त्या मागत राहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्या त्याच चर्चमध्ये परतल्या.

बालांगिगाचे चर्च जिवंत होते. वसई किल्ल्यातल्या ज्या मनोऱ्यांमधून घंटा उतरल्या त्यांना आज छप्पर नाही आणि किल्ला संरक्षित स्मारक आहे. दुसरीकडे घंटांनीही पावणेतीनशेहून अधिक वर्षे इथल्या गावांत काढली आहेत, म्हणींत शिरल्या आहेत. घंटा मूळ जागेहून हलली म्हणून तिचे आयुष्य संपते असेही नाही. पणजीची ती मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ बंद पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. तिथे ती अजून वाजते.

माझे मत असे, की घंटा आहेत तिथे राहाव्यात, पण त्यांची पूर्ण ओळख त्यांच्याजवळ लिहिलेली असावी. आज फलकावर 'चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली' एवढेच असते. ती कोणत्या चर्चची, तिला कोणत्या संताचे नाव दिले होते, अंगावरच्या ओळीचा मराठीत अर्थ काय, हे कुठेच नसते. ही माहिती हरवलेली नाही. बऱ्याच वेळा ती घंटेवरच उठावात असते, फक्त रंगाखाली. वसईच्या भागात आजही मराठी आणि सामवेदी बोलणारा मोठा ख्रिस्ती समाज आहे. आपल्या पूर्वजांच्या मयताला आणि लग्नाला वाजलेली घंटा नेमकी कुठे आहे, हे त्यांना कळावे, एवढी अपेक्षा फार नाही.

आत्ताच का?

कारण सिंहस्थ. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी गोदाघाटावर कामे निघतात आणि अशा वेळी घाईत रंग, फरशी, दिवे, केबल यांचा मारा जुन्या वास्तूंवर होतो. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते, पण रंगाऱ्याला ते कोण सांगणार? ठेका निघण्याआधी घंटेची नोंद झाली तर नंतर निदान काय बदलले ते कळेल. त्यासाठी परातीएवढी शिडी, एक टेप, एक टॉर्च आणि एक मोबाइल लागतो. देवस्थानाची परवानगी घेऊन कॉलेजच्या चार मुलांनी एका सकाळी करण्याजोगे काम आहे.

टेप लावताना एक काळजी घ्यायची. माप घंटेच्या तोंडाच्या अगदी कडेला, सगळ्यात फाकलेल्या जागी घ्यायचे, वर नाही. जो आकडा येईल तो परीघ. त्याला ३.१४ ने भागले की व्यास.